कूल वॉटर परफ्यूम दोन तासात उडतो म्हणताय? आधी या चुका टाळा

सकाळी मारला आणि ऑफिसला पोचेपर्यंत गायब, अशी तक्रार करणारे माझ्या ओळखीत निदान चार जण आहेत आणि काही वर्षांपूर्वी मी पण त्यातलाच होतो. परफ्यूमचा दोष थोडा, आपला जास्त.

पहिली चूक दुकानातच होते. कागदाच्या पट्टीवर फुस्स केलं, लगेच नाकाला लावलं, "वा काय फ्रेश आहे" आणि कार्ड पुढे. अहो, पहिला मिनिटभर तर निम्मं अल्कोहोलच असतं, आणि पुढचा वास आहे तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचा. डेव्हिडॉफचा कूल वॉटर १९८८चा, पियेर बूर्दों यांनी बनवलेला, त्यात डायहायड्रोमिरसेनॉल नावाचं द्रव्य भरपूर आहे, लिंबू-लव्हेंडरसारखं आणि जरा धातूसारखं गार. कपडे धुवायच्या पावडरीतही ते वापरतात म्हणून काहींना हा वास साबणासारखा वाटतो, त्यांचं चूक नाही. सुरुवातीला हे, सोबत पुदिना आणि रोझमेरी, मग नेरोली, जिरेनियमसारखी फुलं, आणि शेवटी चंदन, सीडर, मस्क, किंचित तंबाखू. हलकं आधी उडतं, जड मागे राहतं. म्हणजे तो गारवा जाणारच, त्याला बिघाड समजू नका. आवडायला हवा तो मागे राहणारा लाकडी वास, म्हणून मनगटावर मारून दोन-तीन तास हिंडून या आणि मग ठरवा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

वाळ्याशी तुलना केली की लगेच कळतं. वाळाही गारच, पण तो मुळातून येणारा जड, चिवट वास, अत्तर लावलेला रुमाल कपाटात राहिला तर कित्येक दिवसांनीही येतो. तसलं काही हवं असेल तर अ‍ॅक्वाटिक, म्हणजे कूल वॉटरसारखा समुद्र-पाण्याच्या वासाचा परफ्यूम, घेऊच नका.

दुसरी चूक म्हणजे "मला येत नाही म्हणजे वास गेला". नाक त्याच वासाला सरावतं, बाकीच्यांना मात्र येत असतो. एकदा एका लग्नाला मी हॉलवर पोचेपर्यंत मध्ये मध्ये करत आठ-नऊ स्प्रे मारले, मला काहीच येईना, आणि पंगतीत शेजारच्या काकांनी मठ्ठ्याची वाटी उचलून पलीकडे ठेवली, म्हणाले "पोरा, मठ्ठ्याला तुझाच वास लागलाय". तेव्हापासून तीन-चारच, आणि शंका आली तर घरच्यांना विचारतो.

मनगटं एकमेकांवर घासू नका, नुसतं वाळू द्या. कोरड्या त्वचेवर वास लवकर उडतो म्हणून अंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, नाहीतर चिमूटभर व्हॅसलीन. घामावर मारलं तर घाम आणि परफ्यूम दोन्ही मिळून जे होतं ते मुंबई लोकलमध्ये सगळ्यांनी अनुभवलंय, अधिक सांगत नाही. डिओ पण बिनवासाचा किंवा त्याच जातीचा बघा, चॉकलेटी डिओवर समुद्र म्हणजे नुसता गोंधळ.

आणि बाटली! मी माझी बाथरूमच्या खिडकीत ठेवली होती, निळी काच उन्हात छान दिसते म्हणून, एका मे महिन्यानंतर वरचा पुदिना मेला आणि सुरुवातीलाच आंबूस तिखट भपकारा यायला लागला. ऊन, उष्णता, दमटपणा तिन्ही वाईट, बाइकच्या डिकीत तर नकोच. कपाटात खोक्यासकट ठेवा.

निम्म्या किमतीत मिळालेली असेल आणि अर्ध्या तासाने चंदन-मस्क काहीच न येता सपाट शांतता असेल तर बहुतेक डुप्लिकेट आहे, त्यावर उपाय नाही.

एवढं करूनही शंका असेल तर एक स्प्रे शर्टाच्या आतल्या शिवणीवर मारा, पांढरा किंवा सिल्कचा असेल तर नको, डाग पडू शकतो, आणि संध्याकाळी शर्ट काढताना तिथे हुंगा. मला परवा रात्री नऊ वाजता पण सीडर येत होता, आणि बायको म्हणाली सकाळपेक्षा हाच बरा आहे.