युरोपीय भाषांतील ध्वन्यनुकारी शब्दांचे मूळ कसे शोधावे

कोल्हापुरात जर्मन किंवा फ्रेंच शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला कोंबड्याचे 'किकेरिकी' आणि 'कोकोरिको' लवकरच भेटते. आपल्या 'कुकूचकू'शी त्यांचे साम्य पाहून हे सारे शब्द एकाच मुळातून निघाले असावेत, असे त्याला वाटू लागते. ही समजूत आधी बाजूला ठेवावी. आवाजाचे अनुकरण प्रत्येक भाषा आपापल्या वर्णांनी स्वतंत्रपणे करू शकते, त्यामुळे निव्वळ साम्य हा नात्याचा पुरावा होत नाही.

सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे शब्दाचे जुन्यात जुने रूप गाठणे. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून काम करा किंवा घरी संगणकावर, पण व्युत्पत्तिकोश, म्हणजे शब्दांची मुळे सांगणारा कोश, उघडल्याशिवाय कानावर विसंबून निवाडा देऊ नये. इंग्रजीतील 'पिजन' या शब्दात आज कोणताही आवाज ऐकू येत नाही. परंतु तो जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन 'पीपियो'पर्यंत, म्हणजे चिवचिवणाऱ्या पिल्लापर्यंत पोहोचतो. उलट फ्रेंचमध्ये चाबकाला 'फ्वे' म्हणतात आणि त्यात फटकाऱ्याचा आवाज भरलेला वाटतो, पण त्याचे मूळ लॅटिन 'फागुस', म्हणजे बीच नावाचे झाड, हे आहे. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांच्या 1916 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ही दोन्ही उदाहरणे आहेत, आणि नवशिक्याने ती आधी स्वतः कोशात तपासून पाहावीत, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर शब्द ध्वनिनियमांवर, म्हणजे एखाद्या भाषेत आवाज ठराविक रीतीने कसे बदलत गेले ते सांगणाऱ्या नियमांवर, घासून पाहावा. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822 साली मांडलेल्या नियमानुसार मूळचा 'क' जर्मानिक शाखेत, म्हणजे इंग्रजी, जर्मन यांसारख्या भाषांत, 'ह' होतो. लॅटिन 'कोर्नू' आणि इंग्रजी 'हॉर्न' ही जोडी त्याची साक्ष देते. आता कोकिळकुळातल्या पक्ष्याची नावे, म्हणजे लॅटिन 'कुकूलुस', ग्रीक 'कोक्किक्स', संस्कृत 'कोकिल' आणि जर्मन 'कुकुक' शेजारी ठेवा. जर्मन शब्द थेट वारशाने आला असता, तर त्याच्या आरंभी 'क' टिकला नसता. जर्मनमध्ये या पक्ष्याला 'गाउख' हे जुने नाव होतेच. त्याची जागा 'कुकुक'ने नंतर घेतली. पक्षी रोज ओरडत असल्याने त्याचे नाव पुन्हा पुन्हा नव्याने घडू शकते, म्हणून नियम मोडलेला दिसला की अनुकरणाची शक्यता जरूर तपासावी. मात्र तो शब्द उसना तर नाही, हेही पाहावे.

लिहिलेले अक्षर आणि त्याचा जुना उच्चार यांतही फरक करावा. क्रातिनोस या प्राचीन ग्रीक नाटककाराने मेंढीचा आवाज ज्या अक्षरांत लिहिला, ती आजचा ग्रीक माणूस 'वी वी' अशी वाचतो. पण अथेन्सची मेंढी काय किंवा आपल्या धनगराच्या कळपातली काय, 'बें बें'च करते. त्यावरूनच त्या अक्षरांचा जुना उच्चार 'बे बे' असा दीर्घ होता, हे अभ्यासकांना दाखवता आले.

इतके करूनही काही शब्दांचा निकाल लागत नाही. प्राचीन भारतीय व्युत्पत्तिकार यास्काने निरुक्त या आपल्या ग्रंथात 'काक' हा शब्द ध्वनीचे अनुकरण मानला आणि औपमन्यव या दुसऱ्या आचार्याचे विरोधी मतही तिथेच नोंदवले. आपल्या वहीतही तसेच करावे: शब्द, त्याचे जुने रूप, लागू पडणारा किंवा मोडणारा नियम आणि मतभेद असल्यास दोन्ही पक्ष, अशी नोंद ठेवावी.