टर्बो गाडीचा कार्ब्युरेटर ट्यून करताय? या चुका टाळा

बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा वाढलेला दाब) आला की गाडी अडखळते, आणि मालक लगेच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बॉनेट उघडतो. हे पाहून पाहून आता खरंच वैताग येतो. रेनो ५ जीटी टर्बो, एमजी मेट्रो टर्बो, लोटस एस्प्री टर्बो या जुन्या गाड्यांत टर्बोची दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधून, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून, जाते. अशा इंजिनात फक्त बूस्टवर जाणवणारी तक्रार बहुतेक वेळा जेटची (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाची) नसते, पेट्रोलच्या दाबाची असते.

पेट्रोलचा दाब न मोजताच मेन जेट मोठा करणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ०.७ बार बूस्ट आला की फ्लोट चेंबरमध्येही (कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) तेवढाच दाब तयार होतो. पंप ०.२५ बारनेच पेट्रोल ढकलत असेल तर ते आत शिरणार कसं? म्हणून पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला बूस्टची एक बारीक नळी जोडलेली असते. बूस्ट जेवढा वाढेल तेवढाच पेट्रोलचा दाब वाढला पाहिजे. इथे ०.९५ बारच्या आसपास.

माझ्याकडे एक जीटी टर्बो आली होती. आधीच्या गॅरेजात मेन जेट वाढवला, मग आणखी वाढवला. साध्या चालीत प्लग काळे पडत होते, पेट्रोल वाया जात होतं, आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पहिले दोन-तीन सेकंद झकास ओढून गाडी एकदम ढिली पडायची. पाय काढला की पुन्हा ठीक. खरं तर या लक्षणातच उत्तर होतं. जेट लहान असता तर बूस्ट आल्या आल्या पेट्रोल कमी पडलं असतं. इथे चेंबर भरलेलं असेपर्यंत गाडी चालत होती, रिकामं झालं की मरत होती. रेग्युलेटरची ती बारीक नळी क्लिपखाली उभी चिरली होती. वरून पाहिलं तर धडधाकट. नळी बदलली, मूळ जेट परत बसवले, गाडी सरळ चालली. पण तोवर बूस्टवर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालून नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी स्फोट) झालं होतं आणि एका पिस्टनची रिंगेजवळची कड तुटली होती. एका रबरी नळीपायी इंजिन उघडावं लागलं.

मी आधी पेट्रोल लाइनला गेज लावतो आणि गेज पुढच्या काचेच्या बाहेरच्या बाजूला टेपने चिकटवतो. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. शेजारी दुसरा माणूस बसवायचा, आकडे त्याने वाचायचे. काहीजण गाडी उभी करून रेग्युलेटरलाच हातपंपाने दाब देतात. तेव्हा चेंबरमध्ये बूस्ट नसतो, त्यामुळे पेट्रोल नीडल व्हॉल्व्हला (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी झडप) ढकलून बाहेर उतू जातं. गरम इंजिनावर तर हा प्रयोग नकोच.

गळती न शोधता आयडल जुळवत बसणे

थ्रॉटलचा (हवेच्या झडपेचा) दांडा झिजला की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) तिथून बाहेरची हवा ओढली जाते आणि बूस्टवर तिथूनच पेट्रोलचे बारीक कण बाहेर उडतात, तेही तापलेल्या टर्बोच्या शेजारी. अशा कार्ब्युरेटरवर आयडल स्क्रू फिरवून काहीच साधत नाही. टर्बोच्या तोंडाशी कमी दाबाची हवा द्या, सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे पाहा. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच कोणी करत नाही. आयडल स्क्रूचा बूस्टवरच्या मिक्श्चरशी तसाही काही संबंध नाही, हे नवशिक्यांनी एकदा नीट समजून घ्यावं.

बाकीच्या, थोडक्यात

इग्निशन टायमिंग आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासल्याशिवाय कार्ब्युरेटर उघडू नका.

जेट तारेने साफ करू नका. भोक ओरखडलं की त्यावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. ड्रिलने भोक मोठं करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, नवीन जेट आणायला सांगतो.

साध्या गाडीचा पोकळ फ्लोट बसवू नका, बूस्टखाली तो चेपतो.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. घाईत तीन गोष्टी बदलल्या की गाडी कशाने सुधारली ते कळत नाही.

प्लगचा रंग आयडलनंतर पाहून उपयोग नाही. पूर्ण बूस्टवर ओढा, तिथेच इंजिन बंद करा, मग प्लग काढा. वाइडबँड मीटर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) असेल तर उत्तम. मी पूर्ण बूस्टला हे प्रमाण ११.५ ते १२ च्या दरम्यान ठेवतो, म्हणजे एक भाग पेट्रोलला तेवढे भाग हवा.

मिक्श्चर पक्कं होईपर्यंत बूस्ट वाढवायचा विषयही काढू नका.

१९६२ च्या कॉर्व्हेर मोन्झा स्पायडरसारख्या गाड्यांत कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी असतो, तिथे पेट्रोलच्या दाबाची ही भानगड नाही. तिथे पाय काढल्यावर निळा धूर आला तर कार्ब्युरेटर सोडा आणि टर्बोचं सील पाहा. थ्रॉटल बंद असताना तयार होणारा व्हॅक्यूम तिथूनच ऑइल ओढतो.