क्लायंटबद्दल मनात काही उठतं तेव्हा थेरपिस्टने काय करायचं

क्लायंटबद्दल आपल्याला काहीतरी वाटू लागलंय हे बऱ्याचदा आधी आपल्या वागण्यात दिसतं, मनाला उशिरा कळतं. ५० मिनिटांचं सेशन एकाच व्यक्तीच्या बाबतीत दर वेळी तासावर जातं. तिच्याकडे राहिलेली फी मागायला जीभ रेटत नाही. एखाद्याच्या नोंदी चार-चार दिवस लिहायच्या राहतात. कुणी वेळ रद्द केली की हायसं वाटतं. कुणाच्या मेसेजला आपण रात्री अकरा वाजता उत्तर देतो, आणि बाकी कुणालाही तसं देत नाही. म्हणून पहिली सवय अशी लावा: ठरलेल्या चौकटीत, म्हणजे वेळ, फी, संपर्क आणि नोंदी यांत, कुणासाठी फरक पडतोय का, हे आठवड्यातून एकदा वहीत बघा. फरक दिसला की तिथेच थांबून विचार करायचा.

या भावनांना काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९१० मध्ये याकडे लक्ष वेधलं तेव्हा त्याच्या लेखी हा अडथळाच होता, थेरपिस्टने ओळखून दूर करायचा. १९४९ मध्ये ब्रिटिश मनोविश्लेषक विनिकॉटने स्पष्ट लिहिलं की थेरपिस्टला रुग्णाचा द्वेषही वाटू शकतो आणि तो स्वतःशी कबूल केला नाही तर उपचार बिघडतात. १९५० मध्ये मनोविश्लेषक पॉला हायमान यांनी मांडलं की ही भावना रुग्णाला समजून घेण्याचं साधन आहे. आज आपण दोन्ही बाजू धरून चालतो. पण हायमान यांचं म्हणणं अर्धवट उचललं की एक घातक चूक होते: ‘मला राग आला, म्हणजे त्याचाच राग माझ्यात आलाय.’ असं परस्पर ठरवू नका. सकाळी घरी भांडण झालं असेल, तर तो राग तुमचाच आहे.

सेशन चालू असताना

आधी शरीराकडे बघा. जबडा आवळलाय का, खांदे वर चढलेत का, श्वास अडकलाय का? पाय जमिनीवर नीट टेकवा आणि एक श्वास सावकाश सोडा. समोरच्याच्या लक्षातही येणार नाही. मग मनातल्या मनात भावनेला एका शब्दात नाव द्या: राग, कीव, भीती, कंटाळा, ओढ. त्यानंतरचा प्रश्न सगळ्यात उपयोगी: ‘मला आत्ता काय करावंसं वाटतंय?’ सल्ला द्यावासा वाटतो, विषय बदलावासा वाटतो, जवळ घ्यावंसं वाटतं, चूक दाखवून द्यावीशी वाटते. जे करावंसं वाटतंय ते दोन मिनिटं करू नका. तेवढ्यात मागे जाऊन बघा, ही लहर नेमकी कुठल्या वाक्यानंतर आली.

सेशनमध्ये येणाऱ्या झोपेचं उदाहरण घेऊ, कारण ते सगळ्यांच्या वाट्याला येतं आणि त्याची लाजही सगळ्यांना वाटते. आधी साधी कारणं तपासा: रात्री झोप झाली होती का, हे आजचं कितवं सेशन, खोलीत हवा खेळती आहे का? पुढच्या क्लायंटसोबत तुम्ही टक्क जागे असाल आणि याच व्यक्तीसमोर, वडिलांच्या मृत्यूचा विषय आला की दर वेळी पापण्या जड होत असतील, तर ती झोप काहीतरी सांगतेय. कदाचित तो माणूस तो सगळा प्रसंग वेळापत्रक वाचल्यासारखा सांगतोय: किती वाजता फोन आला, कोण कोण जमलं, कागदपत्रं कुणी केली. भावना त्याने बाजूला ठेवलीय आणि तुमचंही मन तिच्यापासून दूर सरकतंय. अशा वेळी ‘मला झोप येतेय’ हे वाक्य त्याला फक्त दुखवेल. त्याऐवजी म्हणता येईल, ‘त्या दिवशी कोणी काय केलं ते सगळं तुम्ही नीट सांगितलंत. तुमचं स्वतःचं त्या दिवशी काय होत होतं, ते मात्र माझ्यापर्यंत पोहोचत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?’ शेवटचा प्रश्न गाळू नका. तुमचा अंदाज चुकलेला असू शकतो, आणि तो खोडायला त्याला जागा हवी.

स्वतःची भावना उघड सांगायची का? माझ्या मते क्वचितच, आणि ती गरम असताना तर नाहीच. हे सांगून फायदा कुणाचा, आज याला ते पेलेल का, आणि त्यावर बोलायला सेशनचा वेळ उरलाय का, या तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तरच सांगा. चाळिसाव्या मिनिटानंतर सांगू नका.

कधीकधी क्लायंटच पकडतो: ‘तुम्ही वैतागलात ना माझ्यावर?’ त्याने बरोबर ओळखलं असेल तर ‘छे, छे’ म्हणू नका. ज्याला लहानपणापासून ‘तुला उगाच वाटतं’ असं ऐकवलं गेलंय, त्याला तुम्ही तेच पुन्हा ऐकवाल. ‘हो, माझा सूर जरा चढला होता, तुमच्या ते लक्षात आलं. तुम्हाला तेव्हा काय वाटलं?’ एवढं पुरे. कारणमीमांसा आणि लांबलचक माफी टाळा, नाहीतर तोच तुमची समजूत घालत बसेल.

सेशननंतर

दोन सेशनमध्ये किमान १० मिनिटं ठेवा. त्यात स्वतःसाठी तीन ओळी लिहा: काय वाटलं, कधी वाटलं, काय करावंसं वाटलं. क्लायंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काही लिहू नका, आणि ही वही अधिकृत नोंदींपासून वेगळी व कुलूपबंद ठेवा. चार-पाच सेशनच्या ओळी एकत्र वाचल्या की भावना कुठून येतेय ते उमजू लागतं. ती सगळ्याच क्लायंटबाबत असेल तर तुम्ही थकलेले आहात. एकाच प्रकारच्या माणसांबाबत असेल, उदाहरणार्थ आवाज चढवणारे वयस्क पुरुष, तर तुमच्या स्वतःच्या आयुष्याचा धागा आहे, आणि त्याची जागा तुमच्या स्वतःच्या थेरपीत. एकाच क्लायंटबाबत असेल, आणि त्याच्या घरच्यांना व सहकाऱ्यांनाही तसंच वाटत असल्याचं त्याच्या बोलण्यातून दिसत असेल, तर ती उपचारासाठी मोलाची माहिती आहे. प्रत्यक्षात बहुतेकदा मिश्रण असतं.

जिथे पाय घसरतो

वाचवण्याची ऊर्मी रागापेक्षा जास्त फसवते, कारण ती चांगुलपणासारखी दिसते. जादा वेळ, जादा फोन, फीत सूट. महिन्याभरात थेरपिस्ट थकतो, अचानक हात आखडता घेतो, आणि आधीच टाकून दिल्यासारखं वाटणारा माणूस पुन्हा एकदा टाकला जातो. चौकट सैल केलीच असेल तर एका झटक्यात आवळू नका. त्याबद्दल सेशनमध्ये बोला, आणि बदल पुढच्या आठवड्यापासून करा.

आत्महत्येचे विचार असणाऱ्या व्यक्तीबाबत चीड येते, तेव्हा आपण ती ओळखतो. माल्ट्सबर्गर आणि ब्यूई या मनोविकारतज्ज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की त्याहून धोकादायक असते ती थेरपिस्टची त्या व्यक्तीपासून दूर होण्याची इच्छा. ती शांतपणे काम करते: ‘आज बरी दिसतेय’ म्हणून प्रश्न विचारायचा राहतो, पुढची वेळ लांबची दिली जाते. म्हणून अशा व्यक्तीला धोक्याबद्दलचे प्रश्न दर सेशनला विचारा, तुम्हाला त्या दिवशी काहीही वाटत असलं तरी.

आकर्षण वाटलं म्हणजे तुम्ही वाईट थेरपिस्ट ठरत नाही. त्यावर कृती करणं मात्र पूर्णपणे निषिद्ध आहे, आणि क्लायंटला ते सांगणंही चूकच, कारण त्याचं ओझं त्याच्यावर पडतं. आठवड्याच्या आत सुपरवायझरला, म्हणजे ज्यांच्यासोबत तुम्ही तुमच्या केसेस नियमित तपासता त्या अनुभवी थेरपिस्टला, सांगा. ‘हे सुपरव्हिजनमध्ये नको काढायला’ असा विचार आला, तर तीच धोक्याची घंटा.

भीती वाटली तर अर्थ नंतर शोधा. आधी दरवाजाचा रस्ता मोकळा आहे का आणि जवळपास कुणी सहकारी आहे का ते बघा. गरज वाटली तर सेशन थांबवा.

सुपरव्हिजनमध्ये काय न्यायचं

पूर्ण केस नेऊ नका, एक क्षण न्या: क्लायंट काय बोलला, तुम्ही काय बोललात, मध्ये मनात काय आलं, शक्य तितकं शब्दशः. आणि जी केस न्यायची टाळाटाळ होतेय, ती आधी न्या. कधी तुम्ही सांगत असताना सुपरवायझरलाही तीच सुस्ती किंवा तीच घाई जाणवते. क्लायंट आणि तुमच्यात जे घडतं तेच या खोलीत उमटत असू शकतं. लक्षात आलं की दोघांनी तिथेच थांबून ते तपासावं.

तीन-चार वेळा सुपरव्हिजन होऊनही भावना जागची हलत नसेल, किंवा क्लायंटवर झाला तसाच आघात तुमच्यावर नुकताच झाला असेल, तर क्लायंटला दुसऱ्या थेरपिस्टकडे सोपवणं योग्य. निर्णय सुपरवायझरसोबत घ्या, भर सेशनमध्ये एकट्याने नको. सुरक्षेचा प्रश्न नसेल तर दोन-तीन सेशन निरोपासाठी ठेवा. ‘तुम्हाला ज्या मदतीची गरज आहे ती मी सध्या नीट देऊ शकत नाहीये, आणि हे तुमच्या कुठल्या चुकीमुळे नाही’ असं सरळ सांगा. ज्यांच्याकडे खरोखर वेळ शिल्लक आहे अशा दोघा-तिघांची नावं आधीच विचारून ठेवा, आणि पहिली भेट ठरेपर्यंत तुम्ही उपलब्ध असाल हेही त्याच सेशनमध्ये सांगा.