ताप रोखणाऱ्या यंत्राची चाचणी: समन्वयकाच्या कामातील पहिले दिवस

पक्षाघातानंतर ज्यांना ताप चढतो, त्यांची प्रकृती बहुधा अधिक बिघडते; मात्र तो ताप यंत्राने रोखल्यास रुग्ण अधिक सावरतो का, याचे उत्तर तितके सरळ नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्ट्रेपिड चाचणीत ६७७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात तापाचे प्रमाण जवळपास निम्मे झाले, पण तीन महिन्यांनंतरच्या अपंगत्वात फरक दिसला नाही. परळच्या एका रुग्णालयात अशाच यंत्राच्या चाचणीवर समन्वयक म्हणून रुजू झाले, तेव्हा मला हे ठाऊक असते, तर नातेवाइकांशी बोलताना मी जास्त जपून बोलले असते.

वैद्यकीय उपकरण नियम २०१७, नैतिकता समितीची मान्यता आणि सीटीआरआयवरील (भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतील) नोंदणी हे सारे वाचून समजते. संमतीचे तसे नाही. रुग्णाची वाचा गेलेली असते, म्हणून निर्णय जवळच्या नातेवाइकाला घ्यावा लागतो. डोंबिवलीहून डबा घेऊन आलेल्या एका मुलाने मला विचारले, "मॅडम, म्हणजे आईला बर्फात ठेवणार का?" पोटाला आणि मांड्यांना चिकटवायचा जेलचा पॅड मी त्याच्या हातात दिला, आत फक्त पाणी फिरते हे दाखवले आणि यंत्र मिळेल की नेहमीचे उपचार, हे संगणक ठरवेल, असेही सांगितले. सही त्याने दुसऱ्या दिवशी, बहिणीशी बोलून केली.

माझी पहिली चूक तापमानाच्या नोंदीत झाली. प्रोटोकॉलनुसार, म्हणजे चाचणीच्या ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार, आकडा मूत्राशयातील सेन्सरचा हवा होता. मी सिस्टरांच्या तक्त्यातला काखेतला आकडा उतरवला. काखेतले तापमान आतल्यापेक्षा कमी भरते, त्यामुळे ताप असूनही कागदावर तो दिसेना आणि चाचणीच्या नोंदी तपासणाऱ्या मॉनिटरने प्रोटोकॉल डेव्हिएशन (कार्यपद्धतीचे उल्लंघन) लिहिले, ते योग्यच होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट एका निवासी डॉक्टरांनी शिकवली: रुग्णाचे तापमान ३७ अंशांवर स्थिर दिसते, पण यंत्रातील पाणी उत्तरोत्तर थंड होत जात असेल, तर शरीर ताप चढवू पाहत आहे आणि यंत्र तो दाबत आहे, असे समजावे. एका आजोबांच्या बाबतीत असेच झाले. स्क्रीन शांत होती आणि एक्स-रेमध्ये न्यूमोनिया निघाला. तेव्हापासून मी पाण्याचे तापमानही दर तासाला लिहिते.

थरथरही अशीच फसवी असते. ती डोळ्यांनी दिसण्याआधी मानेवर आणि छातीवर तळहात ठेवल्यास जाणवते. शून्य ते तीन गुणांची मोजपट्टी याच स्पर्शावर आधारलेली आहे. थरथरीमुळे शरीर उष्णता निर्माण करते आणि थंडाव्याचा उपयोग कमी होतो, म्हणून हात-पाय उबदार पांघरुणात गुंडाळतात, गरज पडल्यास औषधही देतात. वॉर्डातल्या मावशींना हे आधी समजावून ठेवावे, नाहीतर त्या प्रेमाने पॅडवरूनच चादर घालतात.

नव्वद दिवसांनी अपंगत्वाचे गुण घ्यायचे, तेव्हा निम्म्या घरांचे फोन लागत नाहीत, कारण माणसे रुग्णाला घेऊन रत्नागिरीला किंवा साताऱ्याला गेलेली असतात. म्हणून भरतीच्या दिवशीच मुंबईच्या क्रमांकासोबत गावच्या एखाद्या नातेवाइकाचाही क्रमांक मागून घ्यावा.