झपाटलेल्या घराची कादंबरी खरोखर भिववते का, हे कसे पारखावे

दचकणे वेगळे आणि धास्ती बसणे वेगळे. दचका पानापुरता असतो. धास्ती बसली असेल, तर पुस्तक मिटून ठेवल्यावरही माणूस माजघरातून परसाकडे जाताना आधी दिवा लावतो. झपाटलेल्या घराची कादंबरी या दुसऱ्या कसोटीवर पारखावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिले वाचन रात्री, एकट्याने आणि शक्यतो एका बैठकीत करावे. कोल्हापुरात त्यासाठी जुलैतील झडीच्या पावसासारखा काळ नाही. जवळ कागद ठेवावा आणि ज्या ओळीला मान वर करून खोलीकडे पाहावेसे वाटले, त्या पानाचा आकडा लिहावा. पुस्तक करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेले असेल, तर पानावर खूण करू नये. १८५० पासून वाचकांची सोय पाहणाऱ्या ग्रंथालयाची प्रत पुढच्याच्या हाती स्वच्छ गेली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी, उजेडात, कादंबरीतील घराचा नकाशा काढावा. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. दिंडी दरवाजातून आत आल्यावर सोपा कोठे, माडीचा जिना कोणत्या हाताला, देवघराचे दार कोणीकडे उघडते, हे लेखकाने सांगितलेल्या तपशिलांवरून मांडता येत नसेल, तर त्या घरात काहीही घडले तरी वाचकाला त्याचे भय वाटणार नाही, कारण ज्याची घडी माहीत नाही ती विस्कटल्याचेही कळत नाही. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ च्या ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ या कादंबरीत घराचा प्रत्येक कोन किंचित चुकवून बांधलेला आहे आणि दारे आपोआप मिटतात, हे आधीच सांगून ठेवले आहे. त्यामुळे घरावरचा विश्वास हळूहळू उडत जातो. पुढे एका रात्री त्या घरात राहायला आलेली एलिनॉर अंधारात आपल्या सोबतीणीचा, थिओडोराचा, हात घट्ट धरून पडलेली असते. उजेड होतो तेव्हा थिओडोरा नुकतीच झोपेतून जागी होताना दिसते, आणि मग एवढा वेळ हातात होता तो हात कोणाचा, हा प्रश्न उरतो. भूत कोठेही दाखवलेले नाही, तरी त्या पानाचा आकडा माझ्या कागदावर दोनदा लिहिला गेला.

त्यानंतर नैसर्गिक कारणे तपासावीत. शिवाजी पेठेतील ज्या वाड्यात माझे बालपण गेले, तेथे पावसाळ्यात लाकूड फुगून माडीचे दार चौकटीत घट्ट बसायचे, आणि थंडीत तेच दार रात्री कुरकुरत अर्धे उघडायचे. आजी झोपेतच म्हणायची, “लाकूड हाय ते, नीज.” कौलांवरून मांजर चालले, कडीपाटात उंदीर फिरले, तरी कोणी उठून बसत नसे. अशा घरांत वाढलेल्या वाचकाला नुसत्या करकरणाऱ्या दाराने भिववता येत नाही. लेखकाने ही साधी कारणे पात्रांच्या तोंडी आणून एकेक करून संपवली आहेत का, हे पाहावे. शेवटचे कारण संपते त्या ठिकाणी आपल्या यादीतला आकडा आहे का, तेही पाहावे.

पात्रे घर सोडून का जात नाहीत, याचे उत्तरही पटले पाहिजे. भाऊबंदकीत अडकलेली वाटणी किंवा उंबरा ओलांडायला तयार नसलेली म्हातारी आई, एवढेही पुरते. मात्र ते कारण पहिल्या काही प्रकरणांत यावे, अडचण आल्यावर शोधून काढलेले नसावे.

शेवटी आठ दिवस जाऊ द्यावेत आणि यादीतील तेवढीच पाने, पुढे काय घडणार हे ठाऊक असताना, घरातील कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावीत. ज्या पानावर आता काहीच वाटत नाही, तो आकडा खोडावा. ज्या ओळीपाशी आपलाच आवाज नकळत खाली येतो, तो तसाच ठेवावा.