गाभोळी काढण्याआधी: सॅल्मनच्या मूत्रपिंड रोगाबाबत सल्ला

वायव्य अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या मत्स्यबीज केंद्रांवर वसंती चिनूकच्या (वसंतात नदीत परतणाऱ्या सॅल्मनच्या) माद्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिकतात. मूत्रपिंड रोगाची तयारी त्याआधीच व्हायला हवी. पिल्लांची पोटं फुगून डोळे बाहेर आले की हातात फारसं काही उरत नाही.

हा रोग रेनिबॅक्टेरियम सॅल्मोनिनारम या जिवाणूमुळे होतो. तो पाण्यातून पसरतो आणि आईकडून थेट अंड्याच्या आतही उतरतो. म्हणून अंडी १०० पीपीएम (दशलक्ष भागांत १०० भाग) आयोडोफोरमध्ये, म्हणजे आयोडीनच्या जंतुनाशकात, १० मिनिटं बुडवली म्हणजे झालं, असं समजू नका. ते फक्त अंड्याच्या बाहेरचे जंतू मारतं. इतर रोगांसाठी ते हवंच, पण हा रोग मादीतच अडवावा लागतो. नराकडून पिल्लांना लागण होण्याचा धोका फारसा नाही.

गाभोळी काढण्याच्या काही आठवडे आधी माद्यांना एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. औषध अंड्यांत पोचायला वेळ लागतो, आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. मात्रा आणि परवानगी मत्स्यवैद्याकडून लेखी घ्या. टोचलेला मासा कुणाच्या ताटात जाणार नाही, हेही बघा.

खरं काम गाभोळीच्या दिवशी असतं. एका मादीची अंडी एकाच ट्रेमध्ये ठेवा, दुसरीची त्यात मिसळू नका. मादीचं पोट चिरून वाताशय बाजूला सारला की कण्याला चिकटलेली काळपट लाल पट्टी दिसते, तेच मूत्रपिंड. त्यावर करडे-पांढरे ठिपके किंवा गाठी असल्या तर शंका घ्या. ठिपके नसले तरी निश्चिंत होऊ नका, रोग दडून राहतो. म्हणून प्रत्येक मादीच्या मूत्रपिंडाचा तुकडा एलायझासाठी, म्हणजे जिवाणूचा अंश मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी, पाठवा आणि पिशवीवर ट्रेचाच क्रमांक घाला. हात थंडीने बधिर झालेले असताना नेमकी इथेच चूक होते, तेव्हा क्रमांक एकाने मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने लिहावा. दोन माद्यांमध्ये सुरी निर्जंतुक करा.

एलायझाचा आकडा चढा आला तर ती अंडी काढून टाकणं सरळ. पण जिथे मासेच मोजके आहेत तिथे हा हिशेब चालत नाही. आयडाहोच्या रेडफिश तलावात १९९२ मध्ये सॉकाय सॅल्मन परतला तो एकच, आणि तो नर होता. अशा ठिकाणी अंडी फेकणं म्हणजे वंश फेकणं. माझ्या मते तिथे चढ्या आकड्याची पिल्लं वेगळ्या टाकीत, विरळ ठेवावीत. त्यांचं पाणी निरोगी टाक्यांतून फिरू देऊ नये. जाळी, ब्रशही वेगळे हवेत.

पिल्लं खाऱ्या पाण्यात जातात त्या बदलात दडलेला रोग उसळी घेतो. तोवर मेलेलं पिल्लू टाकीत राहू देऊ नका, रोज काढा, आणि काही चिरून मूत्रपिंड बघत जा.