आखाती देशातील नोकरी: एजंटाच्या हाती पासपोर्ट देण्यापूर्वी

रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावरील गावांमधून दुबई, कतार, कुवेतकडे कामाला जाणाऱ्यांची वाट बहुधा एखाद्या भरती एजन्सीतूनच जाते, आणि एजन्सी चांगली निघाली तर ती खरोखर उपयोगी पडते. मात्र १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारचे नोंदणी प्रमाणपत्र असावेच लागते. म्हणून त्याचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो चालू आहे की मुदत संपलेला, हे स्वतः पाहावे. गावात फिरून पासपोर्ट गोळा करणारा मध्यस्थ ओळखीचा असला, तरी कार्यालयाचे नाव विचारल्यावर तो टाळाटाळ करू लागला तर तेथेच थांबावे.

पैशांच्या बाबतीत संकोच करू नये. एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये सेवाशुल्क घेता येते, आणि त्याची पावती देणे त्याला बंधनकारक आहे. माझ्या मावसभावाने याच्या दुपटीहून अधिक रक्कम रोख दिली. पावती म्हणून त्याच्या हाती आले ते एक व्हिजिटिंग कार्ड, ज्याच्या पाठीमागे पेनाने फक्त आकडा लिहिला होता. त्यावर ना तारीख होती, ना सही. पुढे तक्रार करायची वेळ आली तेव्हा त्या कार्डाचा काहीही उपयोग झाला नाही.

करारपत्र मात्र सावकाश, ओळ न ओळ वाचावे. कामाचे तास, ओव्हरटाइम, राहण्याची सोय आणि परतीचे तिकीट यांच्याबरोबरच मूळ पगार आणि भत्ते वेगळे दाखवले आहेत का, हे अवश्य पाहावे. कारण संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजली जाते, आणि एकूण आकडा मोठा दाखवून मूळ पगार कमी ठेवला असेल तर तोटा कित्येक वर्षांनी कळतो. व्हिजिट व्हिसावर पाठवून तेथे गेल्यावर नोकरीचा व्हिसा काढून देऊ, असे कोणी म्हणाले तर स्पष्ट नकार द्यावा.

पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ (परदेशी कामाला जाण्यापूर्वी तपासणी आवश्यक), अशी नोंद असेल (दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ती सहसा असते), तर आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागते आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमाही काढावा लागतो. दोन वर्षांसाठी त्याचा हप्ता २७५ रुपये आणि कर इतकाच आहे, त्यामुळे त्याच्या नावाखाली हजारो रुपये मागितले गेल्यास हिशेब विचारावा.

निघण्यापूर्वी पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र आणि पावती यांच्या प्रती घरी ठेवाव्यात आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक घरातील एकाला तरी लिहून द्यावा. तेथे अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवताना हीच कागदपत्रे लागतात, आणि ती तक्रार घरच्या माणसालाही करता येते.